मानाचा काप

आदगोंडा मगदूम आपल्या पायांनी चालत वैजयंताच्या दारात आला, तेव्हा तिनं मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. अकरा वर्षं ती या माणसाची वाट बघत होती. याला गाठायचं कसं, याचा विचार करण्यातच तिची कोवळी वर्षं सरली होती. आणि हा बाबा आला तो कसा, तर डोक्यावरची टोपी सारखी करत, "बाई, आमची ब्लेडं तेवढी वाचून द्या," असं अजिजीनं म्हणत. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ते असं.

त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसं? दोन हजार तीस साली त्यानं तिला शेवटचं बघितलं, तेव्हा ती दोन वेण्या घातलेली पंधरा वर्षांची पोरगी होती आणि बापाचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती. आता साल एकेचाळीस. लग्न होऊन शिणगाऱ्यांची वैजू खोतांची झाली होती, अंगावर पांढरा कोट होता, आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या ब्लेड-वाचन केंद्रापुढं कारखानदारांची रांग लागत होती.

मगदूमचं दुखणं असं होतं. त्याच्या शेडमध्ये पाच बँडसॉ मशीनं होती. बँडसॉ म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही. तीन बोटं रुंदीचं दातेरी ब्लेड, दोन्ही टोकं जोडून त्याचा पट्टा केलेला. तो दोन चाकांवरून फिरत राहतो आणि मांडीएवढे पोलादी दांडे काकडीसारखे कापत जातो. एक ब्लेड वीस हजारांचं. त्यानं ऐंशी काप दिले, तर कापामागं अडीचशे रुपये पडतात. मगदूमची ब्लेडं पंधराव्या कापालाच मरत होती, म्हणजे कापाला तेराशेच्या वर. बरं, ब्लेड मरतं ते एकटं मरत नाही. दात बोथट झाले की ते वाकडं चालतं, काप तिरका येतो, तो सरळ करायला कापलेला तुकडा पुन्हा लेथवर चढवावा लागतो. वेळ जातो, वीज जाते आणि महागाच्या धातूचा भुसा होतो. शेजारचा शेडवाला निम्म्या भावात कामं उचलत होता आणि मगदूम बुडायला आला होता.

त्याचा संशय सर्जेरावावर होता. सर्जेराव हा त्याचा सगळ्यात जुना ऑपरेटर. तो मुद्दाम ब्लेडं मारतोय, दुसऱ्याकडून पैसे खाऊन मारतोय, असं मगदूमच्या डोक्यात बसलं होतं. पण पुरावा नव्हता. आताची मशीनं आपला दाब आपणच ठरवतात आणि प्रत्येक कापाची नोंद ठेवतात. नोंदी बघाव्यात तर सगळं चोख. म्हणून तो वैजयंताकडं आला होता, कारण तिच्याकडं दातवाचक होता.

दातवाचक हे नाव लोकांनीच दिलेलं. टेबलावर मावेल एवढी ती पेटी. तिच्यात ब्लेड सरकवायचं आणि ती एकेका दाताचं टोक केसाच्या हजाराव्या भागापर्यंत बघते. कुठं टवका उडालाय, कुठं उष्णतेनं निळी झाक आलीय, कुठं झीज गुळगुळीत आहे आणि कुठं ओरबाडलेली. ब्लेडावर हजारभर दात असतात आणि प्रत्येकानं थोडंथोडं सोसलेलं असतं. ते सगळं जुळवून पेटी सांगते, की पहिल्या कापाला दाब किती होता, पाणी कधी सुटलं, कितव्या कापाला दांडा कडक लागला. आणि काप हातानं घेतला असेल, तर हातसुद्धा सांगते. दाबाचा व्हॉल्व्ह प्रत्येक माणूस आपल्या तऱ्हेनं फिरवतो. कुणी एकदम, कुणी थांबत, कुणी शेवटाला हिसका देऊन. भाकरीवरची बोटं बघून सासू सांगते ना, की ही कुठल्या सुनेनं थापली, तसंच हे.

वैजयंतानं त्याची तीन मेलेली ब्लेडं पेटीत घातली. घालता घालता तिनं साधेपणानं विचारलं, की नव्या ब्लेडाचा पहिला काप कोण घेतं?

आदगोंडाची छाती फुगली. "मीच की," तो म्हणाला. "मान हाय त्यो. नारळ फोडायचा, मशीन हातावर घ्यायचं आणि एका दमात काप पाडायचा. तीस साली फोरमन झालो, तवापासनं एक ब्लेड चुकलेलं न्हाई."

वैजयंताचा हात पेटीवर होता, तो तिथंच थांबला. तिला हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं बाईंना ब्लेडांवरच्या कूलंटचा, त्या तेलकट पाण्याचा, वास झोंबला.

आता हे समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. नव्या ब्लेडाचे दात वस्तऱ्यासारखे असतात. ती धार इतकी पातळ, की पहिल्याच कापाला पूर्ण दाब दिला तर तिचे बारीक टवके उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ब्लेडाचं आयुष्य तिथंच संपतं. म्हणून नवं ब्लेड आधी रुळवायचं. पहिली वीस मिनिटं निम्म्या दाबानं, दमादमानं, म्हणजे धार किंचित गोलावते आणि मग टिकते. नवी कोल्हापुरी पायात घालून पहिल्याच दिवशी कुणी जोतिबाचा डोंगर चढतो का? पण आदगोंडा मगदूम चढत होता, अकरा वर्षं, नारळ फोडून आणि वाजतगाजत. आणि हातावर घेतलेल्या कापाची मशीनमध्ये नोंदच होत नव्हती. नोंद सुरू व्हायची दुसऱ्या कापापासून, तोवर ब्लेड मेल्यात जमा झालेलं असायचं.

तिचा बाप कृष्णात शिणगारे ज्या कारखान्यात बँडसॉ चालवायचा, तिथंच, स्वतःची शेड टाकण्याआधी, हा फोरमन होता. विमानाच्या इंजिनाला लागणाऱ्या निकेलच्या दांड्यांची मोठी ऑर्डर आलेली. दोन आठवड्यांत सहा ब्लेडं गेली, माल वेळेत निघाला नाही, ऑर्डर परत गेली आणि कटिंगचं खातंच बंद झालं. तीस माणसं घरी बसली. आदगोंडानं बोट दाखवलं कृष्णातकडं. दसऱ्याच्या दिवशी, सगळ्या कामगारांदेखत, त्यानं मेलेल्या ब्लेडाचं वेटोळं कृष्णातच्या गळ्यात घातलं आणि त्याला फाटकापर्यंत चालवत आणलं. फाटकात वैजू उभी होती. बापाच्या मानेवरून रक्ताचे तीन ओघळ सदऱ्यात उतरलेले तिनं बघितले.

त्यानंतर कृष्णात फारसा बोललाच नाही. लोक त्याला ब्लेडमाऱ्या म्हणायचे, तो ऐकून घ्यायचा. वैजूची आई मात्र आगीची होती. तिनं ते गळ्यातलं ब्लेड लोहाराकडं नेलं, मागच्या पाठीला धार लावून घेतली आणि त्याची विळी केली. वसाहतीतल्या निम्म्या घरांत अशाच जुन्या ब्लेडांच्या विळ्या आहेत, त्यात नवल नव्हतं. पण ती रोज कांदा चिरताना लेकीला म्हणायची, हे विसरू नकोस. मरेपर्यंत म्हणत होती.

रविवारी सकाळी वैजयंतानं ती विळी लाकडातून काढली आणि पेटीत सरकवली. धार पाठीला होती, त्यामुळं पुढचे दात अकरा वर्षांपूर्वी होते तसेच होते. पेटीनं पहिला काप वाचला. पूर्ण दाब, रुळवलेलं नाही, शेवटाला हिसका. मग मगदूमची तीन ब्लेडं आणि ही विळी तिनं एकाखाली एक लावून बघितली. हात एकच होता. त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं आणि आईच्या फोटोला हार घातला.

सरळ माणूस असता तर त्यानं दुसऱ्या दिवशी आदगोंडाला बोलावून सांगितलं असतं. वैजयंता सरळ राहिली नव्हती. तिनं त्याला सांगितलं, की वाचनाला महिना लागेल, आणि हात कुणाचा ते दसऱ्यालाच कळेल. आदगोंडानं तिच्याही पुढची उडी मारली. वसाहतीच्या बैठकीत त्यानं उभं राहून सांगितलं, की दसऱ्याला सगळ्यांसमोर निकाल लावायचा, आणि ज्याचा हात निघेल त्याच्या गळ्यात मेलेलं ब्लेड घालायचं. मग तो कुणीही असो, असंही वर म्हणाला. शंभर माणसांनी ऐकलं. वैजयंतानं मान डोलावली. स्वतःचा फास स्वतः वळणाऱ्याला दोर कशाला द्यायचा?

फक्त मधे एकदा सर्जेराव येऊन गेला. पन्नाशीचा माणूस, चेहरा उतरलेला. त्यानं तिला विचारलं, "ताई, माझा हात निघालाय काय? निघाला असंल तर आत्ताच सांगा, मी गाव सोडून जातो." तिला ठाऊक होतं, की याचा काडीचा दोष नाही. पण सांगितलं तर ते आदगोंडाच्या कानावर जाणार आणि दसरा हातचा जाणार. ती म्हणाली, वाचन अजून चालू आहे. तो पायऱ्या उतरून गेला आणि ती पुन्हा कामाला लागली.

खंडेनवमीला यंत्रं पुजून झाली. दसऱ्याला सकाळी न्हाऊन-माखून तिनं बापाला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आबा रडतील, तिला जवळ घेतील. कृष्णात चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "नको करूस."

का नको, म्हणून तिनं विचारलं. त्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं. आदगोंडा यायच्या आधी मानाचा काप ऑपरेटरचा असायचा, म्हणजे कृष्णातचा. वीस वर्षं त्यानंच घेतला, दमादमानं. आदगोंडा फोरमन झाला आणि पहिल्याच दिवशी त्यानं कृष्णातला मशीनवरून बाजूला सारलं. कृष्णात म्हणाला, सावकाश घ्या, साहेब, नवं हाय. त्यावर चारचौघांत त्याला ऐकावं लागलं, की माझा हात शिकवायला तू कोण?

"मग मी गप्प बसलो," कृष्णात म्हणाला. "पहिलं ब्लेड गेलं. म्हटलं, जाऊ दे, दोन गेली की येतंय शहाणपण. दुसरं गेलं, तिसरं गेलं. आत कुठंतरी बरं वाटत हुतं मला, वैजे. टवके उडत्यात, एवढं एका शब्दानं सांगितलं असतं तर तीस माणसांच्या चुली पेटत्या ऱ्हायल्या असत्या. सहावं गेलं तवा सांगायची सोय उरली न्हवती. ते ब्लेड माझ्या गळ्यात बरोबर पडलं हुतं."

वैजयंताला बापाचा इतका राग कधी आला नव्हता. अकरा वर्षं तिनं ज्याच्यासाठी जीव जाळला, आई ज्याच्यासाठी विळीवर कांदा चिरत मेली, तो माणूस म्हणतोय बरोबर पडलं! ती उठली आणि तिनं कोट चढवला. ती म्हणाली, "दातांवर तुमचं गप्प बसणं उमटलेलं नाही, आबा. उमटलाय तो त्याचा हात. तेवढंच मी वाचणार." ती निघाली तेव्हा चपला घालून तोही मागोमाग निघाला.

मगदूमच्या शेडपुढं मांडव होता. मशीनला झेंडूची तोरणं, चाकांवर हळदकुंकू, नवं ब्लेड चढवून तयार. दीड-दोनशे माणूस जमलेलं. त्यात त्या तिसांपैकीही बरेच होते, कुणी आता रिक्षा चालवणारे, कुणी दूध घालणारे. सर्जेराव एका खांबाला धरून उभा होता. त्याची बायको शेजारी होती, पदर तोंडाला लावून.

वैजयंतानं मोठ्या पडद्यावर तिन्ही ब्लेडं लावली आणि शांतपणे वाचली. नवं ब्लेड म्हणजे काय, रुळवणं म्हणजे काय, हे तिनं शाळेतल्या बाईसारखं समजावून सांगितलं. मग म्हणाली, की ही तिन्ही ब्लेडं पहिल्याच कापाला मेली आहेत, आणि पहिला काप इथं एकच माणूस घेतो. तिनं चौथं चित्र लावलं. हे तीस सालचं ब्लेड, ती म्हणाली, कृष्णात शिणगाऱ्यांच्या गळ्यात घातलेलं. हात तोच. मी त्यांची मुलगी.

आदगोंडा खुर्चीतून उठला. त्याला ओरडता आलं असतं, यंत्राला खोटं पाडता आलं असतं. त्यानं तसं काही केलं नाही. तो पडद्याजवळ गेला, चारी चित्रं डोळे बारीक करून बघितली, आणि मग आपला उजवा तळवा उलटासुलटा करून बघितला. म्हातारा एका मिनिटात दहा वर्षांनी थकला. वैजयंताला फार बरं वाटलं. हेच बघायला ती जगली होती.

"एवढी वर्षं मीच मारत हुतो," तो म्हणाला. "मग मला कुणी सांगितलं कसं न्हाई?" तो तिच्याकडं वळला. "शिणगारे सगळ्यात जाणता हुता. बाई, खरं सांगा. तुमच्या वडलांना ठावं हुतं काय?"

माणसांच्या मागं, मांडवाच्या कडेला कृष्णात उभा होता. वैजयंतानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

आदगोंडानं मान हलवली. बोललेला शब्द त्यानं पाळला, तेवढं त्याचं मानायला हवं. मेलेल्या ब्लेडाचं वेटोळं त्यानं स्वतःच उचललं आणि स्वतःच गळ्यात घातलं. टोपी खाली पडली ती त्यानं उचलली नाही.

मग जो तो कृष्णातकडं धावला. ज्यांनी अकरा वर्षं ब्लेडमाऱ्या म्हटलं, तेच आता मामा मामा करत पाया पडायला लागले. कुणी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. रिक्षावाला जुना सोबती तर ढसाढसा रडला, म्हणाला, आम्ही तुला शिव्या घातल्या रे. कुणीतरी म्हणालं, आजचा मानाचा काप कृष्णातमामाचा, आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं. त्याला जवळजवळ ढकलतच मशीनपाशी आणलं. नारळ फुटला.

कृष्णातनं व्हॉल्व्हवर हात ठेवला. अकरा वर्षांत त्यानं मशीनला हात लावला नव्हता. वैजयंताच्या डोळ्यांपुढं तिचं लहानपण आलं. आबा काप घेताना श्वास रोखून उभे राहायचे, आणि व्हॉल्व्ह असा फिरवायचे, की फिरलेला दिसायचाही नाही.

त्यानं एका दमात व्हॉल्व्ह शेवटच्या आट्यापर्यंत उघडला, आदगोंडाच्याही पुढं.

ब्लेड किंचाळलं. जुन्या माणसांनी कानांवर हात ठेवले. दांडा दोन बोटं खोल कापला जाईपर्यंत दात तुटून उडाले आणि पत्र्यावर वाजले, ब्लेड वाकडं होऊन अडकलं, तसं कृष्णातनं मशीन बंद केलं. त्या रिक्षावाल्यानं समजूत घातली, की जाऊ दे मामा, वय झालं, हात घसरला.

कृष्णातनं लेकीकडं बघितलं. "वैजे, हे वाच," तो म्हणाला. "मोठ्यांदी वाच."

सोबत आणलेली पेटी तिनं मशीनवरच ब्लेडाला लावली. पडद्यावर दाबाची रेघ उमटली. सरळ, न थरथरता वर गेलेली रेघ. अशी रेघ घसरलेल्या हाताची नसते. हा हात नेमकं काय होणार ते जाणून फिरला होता. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते आणि तिला सोपं उत्तर आयतं दिलेलं होतं. वय झालं, हात घसरला, एवढंच म्हणायचं. उद्यापासून बापाचं नाव धुतलेलं राहणार होतं, तिचं केंद्र चालणार होतं, आणि आदगोंडाच्या गळ्यातलं ब्लेड तिथंच राहणार होतं. तिनं तोंड उघडलं आणि ते वाक्य काही केल्या बाहेर येईना. बाप समोर उभा होता आणि वाट बघत होता.

"हात घसरलेला नाही," ती म्हणाली. "आबांनी जाणूनबुजून मारलं हे ब्लेड. नवं ब्लेड कशानं मरतं ते त्यांना कायम ठाऊक होतं. तीस सालीही ठाऊक होतं आणि ते गप्प बसले. मी मघाशी खोटं बोलले."

मांडवातून एक हुंकार निघाला. त्या तिसांतला कुणीतरी मटकन खाली बसला. कृष्णातनं फेटा उतरवून मशीनवर ठेवला आणि मान खाली घातली. आदगोंडानं गळ्यातलं ब्लेड काढलं, पण ते हातात धरून तो नुसता उभा राहिला. शिणगाऱ्याच्या मानेवर ते पुन्हा घालायचं बळ त्याच्यात नव्हतं.

सर्जेराव खांब सोडून पुढं आला. तो वैजयंतासमोर थांबला. "आणि माझा हात न्हाई, हे तुम्हाला कधी कळलं, ताई?" त्यानं विचारलं.

"तुम्ही माझ्याकडं आलात, त्याच्या आधी," ती म्हणाली.

सर्जेरावानं आदगोंडाच्या हातातून ब्लेड घेतलं आणि तिच्या गळ्यात घातलं. कुणी त्याला अडवलं नाही.